खोक्यावर लिहिलेलं आणि न लिहिलेलं

वाचकांचे प्रश्न : नवा टॅब घ्यावा का?

कॉलेजांचे प्रवेश तोंडावर आले की टॅबबद्दलची पत्रं वाढतात. यावेळच्या पत्रांपैकी, ज्यांची उत्तरं इतरांच्याही उपयोगी पडतील अशी सात इथे घेतली आहेत. वाचकांनी कळवलेल्या टॅबची कंपनी कोणती, याने उत्तर बदलत नाही, म्हणून तिथे नाव दिलेलं नाही.

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला जाणार आहे. पंधरा दिवसांपूर्वी बाजारात आलेला एक टॅब १३,९९९ रुपयांना मिळतो आहे. खोक्यावर असं लिहिलं आहे : ११ इंची एचडी स्क्रीन (१२८० × ८००), ऑक्टाकोअर प्रोसेसर, ४ जीबी + ४ जीबी रॅम, ६४ जीबी, ८००० एमएएच बॅटरी, अँड्रॉइड १४. क्लासचे व्हिडिओ, पीडीएफ पुस्तकं आणि सराव चाचण्या एवढंच काम आहे. घेऊ का?
– एक पालक, अमळनेर

हा घेऊ नका. कारण तुम्ही लिहून पाठवलेल्या ओळींतच आहे, एकेक ओळ बघू.

स्क्रीनपासून सुरू करू, कारण मुलगा दिवसाचे तीन-चार तास तिच्याकडेच बघणार आहे. ११ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. या घडणीच्या स्क्रीनची रुंदी १४.८ सेंटिमीटर आणि उंची २३.७ सेंटिमीटर भरते. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे क्लासच्या नोट्सचं पान उभ्या टॅबवर मूळ आकाराच्या ७० टक्के दिसणार. एवढं चालतं. अडचण पुढची आहे. या टॅबमध्ये त्या १४.८ सेंटिमीटरमध्ये फक्त ८०० ठिपके आहेत, म्हणजे इंचाला साधारण १३७. त्याच मापाच्या १९२० × १२०० स्क्रीनवर इंचाला २०६ ठिपके मिळतात. व्हिडिओ बघताना हा फरक फारसा जाणवत नाही, पण बारीक मजकूर वाचताना लगेच कळतो. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, रसायनशास्त्राच्या सूत्रातला खालचा बारीक आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही, आणि मुलगा प्रत्येक पान दोन बोटांनी मोठं करून वाचू लागतो. ‘एचडी’ हा शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरात असला तरी आकडेच बघायचे. १० इंचांच्या वरच्या टॅबला १९२० × १२०० पेक्षा कमी असेल, तर अभ्यासासाठी तो बाद.

प्रोसेसरच्या जागी नुसतं ‘ऑक्टाकोअर’ लिहिलं आहे आणि नाव नाही, ही दुसरी खूण. आठ कोअर म्हणजे आठ बैल, पण ते कोणते, हे कळल्याशिवाय गाडी किती ओढली जाईल ते सांगता येत नाही. मीडियाटेकच्या हेलिओ पी२२टी मध्ये आठही कोअर ए५३ जातीचे आहेत, आणि ए५३ ही रचना २०१२ मध्ये जाहीर झालेली. हेलिओ जी९९ मध्येही आठच कोअर आहेत, पण त्यांतले दोन ए७६ जातीचे, बरेच ताकदवान. पान उघडणं, ॲप सुरू होणं ही कामं मुख्यतः त्या दोघांवर चालतात. दोन्ही खोक्यांवर शब्द मात्र तोच. दुकानदाराला प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर असतं, आणि तिथेही नसेल तर विषय संपला.

‘४ + ४ जीबी रॅम’ यातले पहिले ४ खरे. दुसरे ४ म्हणजे ६४ जीबीच्या साठवणीतूनच कापून घेतलेली जागा. स्वस्त टॅबमध्ये ही साठवण बहुधा ईएमएमसी प्रकारची असते आणि खऱ्या रॅमच्या मानाने ती फारच हळू चालते. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर नोट्स असं उघडलं, की ४ जीबीचा टॅब एक ॲप मागच्या मागे बंद करतो. परत त्यावर गेलं की ते पहिल्यापासून उघडतं आणि वाचत असलेलं पान हरवतं. अकरावी-बारावीच्या अभ्यासाला ६ जीबी खरी रॅम हवी, ८ असेल तर उत्तम.

साठवणीचा हिशेब असा. ६४ पैकी १८ ते २० जीबी सिस्टिम आणि आधीपासून भरलेली ॲप खातात. हाती ४४-४५ राहिले. साठवण गळ्यापर्यंत भरली की टॅब आणखी मंदावतो, म्हणून त्यातलेही काही मोकळे ठेवायचे. वापरायला ३५ धरा. ७२० रिझोल्यूशनचा एक तासाचा वर्ग डाउनलोड केला तर अर्धा ते एक जीबी जातो. म्हणजे पन्नासेक वर्गांत टॅब भरला. ‘मेमरी कार्ड टाकता येतं की’ असं दुकानात सांगतील. येतं, पण बऱ्याच क्लासच्या ॲपमधले डाउनलोड कार्डवर जात नाहीत, ते कुलूपबंद स्वरूपात आतल्या साठवणीतच राहतात. कार्डवर तुमच्या पीडीएफ आणि फोटो राहतील. त्यामुळे १२८ जीबी घ्या, आणि साठवण यूएफएस २.२ (ईएमएमसीपेक्षा वेगवान प्रकार) असेल तर त्याला पसंती द्या.

अँड्रॉइड १४ हे ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्यानंतर २०२४ मध्ये १५ आणि जून २०२५ मध्ये १६ आलं. टॅब ‘नवा’ आहे तो बाजारात येण्याच्या तारखेने. आतली सिस्टिम आधीच मागची आहे. ‘किती नव्या आवृत्त्या देणार आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार’ हे कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असेल तेवढंच खरं. लिहिलेलं नसेल तर शून्य धरा. आणखी एक : ही वर्षं टॅब बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळत असेल, तर अपडेटचीही दोन वर्षं वजा करून मगच भाव करा.

बॅटरीबद्दल तक्रार नाही, ८००० पुरते. चार्जर किती वॉटचा आहे ते मात्र बघा. पुढे एका उत्तरात त्याचा हिशेब आहे.

तर घ्यायचं काय? १९२० × १२०० स्क्रीन, नाव लिहिलेला जी९९ किंवा त्याच्या बरोबरीचा प्रोसेसर, ६ किंवा ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण. या चार गोष्टी तुमच्या बजेटमध्ये नव्या टॅबमध्ये बसत नसतील, तर दोन-तीन हजार वाढवा, नाहीतर आधीच्या वर्षीचं वरच्या दर्जाचं मॉडेल घ्या. नव्या कमजोर टॅबपेक्षा वर्षभर जुना ताकदीचा टॅब बारावीपर्यंत नक्की नेतो.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा कुठेही बघायला गेलात, तर क्लासच्या नोट्सची एक जड, स्कॅन केलेली पीडीएफ पेन ड्राइव्हवर आणि छोटं ओटीजी (पेन ड्राइव्ह टॅबला लावायचा जोड) सोबत न्या. दुकानातल्या डेमो टॅबवर ती उघडा आणि भराभर पन्नास पानं खाली सरकवा. पांढरी पानं दिसून अक्षरं मागून येत असतील तर किती मागून येतात ते बघा. सेकंदापेक्षा जास्त लागत असेल तर ठेवून द्या. मग स्क्रीन दुभागून एकीकडे यूट्यूब लावा आणि दुसरीकडे तीच पीडीएफ सरकवा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडून सुरक्षा पॅचची तारीख वाचा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर ही कंपनी अपडेटचं किती मनावर घेते ते कळलं. टॅब आडवा धरून पुढचा कॅमेरा कुठे येतो ते बघा. तो लांब बाजूच्या मधोमध असेल तर ऑनलाइन वर्गात चेहरा सरळ दिसतो, आखूड बाजूला असेल तर मुलगा कायम बाजूला बघतोय असं दिसतं.

आणि एमएचटी-सीईटी व जेईई मेन या परीक्षा संगणकावर, माउसने द्याव्या लागतात. शेवटचे दोन महिने सराव चाचण्या टॅबवर न देता कॉलेजच्या किंवा क्लासच्या संगणकावर द्यायला लावा.

प्रश्न : केळीची बाग आहे. मजुरी, खतं, घडांची मोजणी यांचा हिशेब, बाजारभावाचे मेसेज आणि ई-पीक पाहणी यासाठी टॅब घ्यायचा आहे. सिमवाला घ्यावा की वायफायवाला? दोन्हींत चार हजारांचा फरक आहे.
– एक शेतकरी, ता. रावेर

हिशेब आणि मेसेज एवढंच असतं तर वायफायवाला घ्या आणि फोनचा हॉटस्पॉट लावा असं सांगितलं असतं. पण ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपमध्ये) ॲपला तुम्ही त्या गटात उभे आहात हे जीपीएसने कळावं लागतं, आणि पिकाचा फोटो तिथूनच काढावा लागतो. पुष्कळ वायफाय टॅबमध्ये जीपीएसची चिप नसतेच. हॉटस्पॉटमधून इंटरनेट येतं, जीपीएस येत नाही. मग ॲपमध्ये ठिकाण चुकीचं तरी येतं किंवा ते गोल फिरत बसतं. आयपॅडच्या वायफाय मॉडेलमध्येही जीपीएस नाही.

खरं तर ई-पीक पाहणी फोनवरूनच करा. फोन खिशात असतो, त्यात जीपीएस पक्कं असतं आणि ओटीपीही त्याच सिमवर येतो. टॅब हिशेबाला ठेवा. तसं केलंत तर चार हजार वाचले.

तरीही बांधावर टॅबच न्यायचा असेल तर सिमवाला घ्या, पण खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर ‘४जी बँड’ (टॅब नेटवर्कच्या कोणकोणत्या लहरी पकडतो) ही ओळ वाचून. आपल्याकडे १, ३, ५, ८, २८ आणि ४० हे बँड असावेत. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, बीएसएनएलचं २८ आणि १ वर. यांतले ५, ८ आणि २८ हे कमी कंपनसंख्येचे बँड. त्यांची लहर लांब जाते आणि भिंत, झाडं भेदते. टॉवर गावात आणि बाग दोन किलोमीटरवर असेल तर रेंज मिळते ती यांच्यामुळेच. बाहेरून आयात होऊन आलेल्या टॅबमध्ये नेमके हेच बँड गाळलेले असू शकतात. मग फोनला रेंज आणि टॅबला नाही असा प्रकार होतो. टॅबवरून फोन लावता येतो का आणि एसएमएस येतो का, हेही वेगळं विचारा. काही ४जी टॅबमध्ये सिम फक्त इंटरनेटपुरतं असतं.

जीपीएस आहे का हे दुकानाच्या बाहेर, मोकळ्या आकाशाखाली तपासायचं. प्ले स्टोअरवरचं जीपीएस तपासायचं कुठलंही मोफत ॲप टाका. त्यात उपग्रहांची यादी येते. एक-दोन मिनिटांत आठ-दहा उपग्रह दिसले आणि ठिकाण पक्कं झालं तर ठीक. छताखाली ही तपासणी करू नका, चांगला टॅबही नापास होईल.

उन्हाचं सांगायचं तर या किमतीतल्या टॅबची उजेडाची ताकद ३५० ते ४०० निट्स असते. उघड्या बांधावर दुपारी बारा वाजता त्या स्क्रीनमध्ये आभाळ आणि आपलंच तोंड दिसतं. बागेच्या आत, पानांच्या सावलीत मात्र तोच टॅब नीट वाचता येतो. केळीचा चीक लागलेल्या बोटांनी स्क्रीन वापरू नका. लागलाच तर वाळायच्या आत ओलसर मऊ फडक्याने पुसा. नखाने खरवडलं की वरचा तेलरोधक थर जातो आणि मग तिथे कायमचा डाग दिसतो.

प्रश्न : उन्हाळ्यात टॅब चार्जिंगला लावला की ‘तापमान जास्त आहे’ असं येऊन चार्जिंग थांबतं. नवीन आलेल्या १०,००० एमएएचच्या टॅबने हा त्रास जाईल का?
– रेल्वे कर्मचारी, भुसावळ

जाणार नाही. मोठ्या बॅटरीने उलट चार्जिंगचा वेळ वाढतो, म्हणजे तापण्याचाही.

ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापरायच्या जागेचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगते, आणि नुसता ठेवायचा असेल तर ४५ अंशांपर्यंत. अँड्रॉइड टॅबची बॅटरीही लिथियमचीच, तिचा स्वभाव तोच. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत रात्री नऊलाही ३८-४० अंश असतात. म्हणजे टॅब वापरायला घेण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. चार्जिंग थांबवून टॅब स्वतःचं रक्षण करतो, तो बिघाड नाही.

चार्जरचा हिशेब सोपा आहे. ८००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे ३१ वॉट-तास. १० वॉटच्या चार्जरने, वाया जाणारी ऊर्जा धरून, पावणेचार-चार तास लागतात. १८ वॉटच्याने सव्वादोन-अडीच. १०,००० एमएएचला १० वॉटचा चार्जर दिला असेल तर जवळजवळ पाच तास. म्हणून बॅटरीचा आकडा बघताना चार्जरचा आकडा शेजारी ठेवून बघा. काही कंपन्या टॅब १८ वॉट घेतो असं लिहितात आणि खोक्यात १० वॉटचा चार्जर देतात.

उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, चार-साडेचारला लावून सातपर्यंत. कव्हर काढा. टॅब गादीवर किंवा उशीवर न ठेवता फरशीवर ठेवा; शहाबादी फरशी उष्णता छान ओढून घेते. कोणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर त्याची आतली खोली यासाठी उत्तम. चार्जिंग चालू असताना व्हिडिओ बघू नका, दोन्हींची उष्णता एकत्र येते. कुलरच्या तोंडाशी ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे कण असतात. तापलेला टॅब फ्रिजमध्ये तर कधीच नाही : आत दव धरतं आणि सर्किट गंजतं.

सेटिंग्जमध्ये ‘८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा’ अशी सोय असेल तर मार्च ते जून ती चालू ठेवा. लिथियम बॅटरी सर्वांत लवकर खराब होते ती १०० टक्के भरलेल्या अवस्थेत उकाड्यात पडून राहिल्याने. नवा टॅब घेताना ही सोय आहे का हे विचारा. आपल्या भागात बॅटरीच्या मोठ्या आकड्यापेक्षा ती जास्त कामाची. आणि टॅब टेबलावर सपाट ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग बंद करून तो सर्व्हिस सेंटरला द्यायचा, दाबून बसवायचा नाही.

प्रश्न : लोकवर्गणीतून शाळेला एक टॅब घ्यायचा आहे. वर्गातल्या टीव्हीला जोडून मुलांना दाखवायचं. टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेतली की झालं ना? आणि आमच्या जुन्या मराठी प्रश्नपत्रिका टॅबवर उघडल्या की भलतीच अक्षरं येतात.
– जिल्हा परिषद शिक्षक, धडगाव

केबलने होईलच असं नाही. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्यातून चित्र बाहेर यायचं तर टॅबमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय असावी लागते, आणि १५ हजारांच्या आतल्या बहुतेक टॅबमध्ये ती नसते. केबल आठशे-हजाराची येते, लावली तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’. खरेदीआधी कंपनीच्या साइटवर ‘व्हिडिओ आउट’ किंवा ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा.

बिनतारी दाखवायचं तर दोन पद्धती आहेत. ‘क्रोमकास्ट’ला टॅब आणि टीव्ही दोघांनाही एकाच वायफायवर यावं लागतं, आणि यूट्यूबसारखं काही दाखवायचं तर इंटरनेटही लागतं. ‘मिराकास्ट’ टॅबपासून टीव्हीला थेट जोडते, इंटरनेट लागत नाही. तुमच्या भागात दुसरीच उपयोगाची. टीव्हीच्या मेनूत ‘स्क्रीन मिररिंग’ आहे का बघा आणि घ्यायच्या टॅबमध्ये तशी सोय आहे का हे दुकानातल्या टीव्हीवर जोडून बघा. काही नव्या टॅबमधून ती काढून टाकलेली असते.

पण फक्त व्हिडिओच दाखवायचे असतील तर पेन ड्राइव्ह टीव्हीला लावा. एमपी४ फाइल बहुतेक टीव्ही सरळ चालवतात. लोकवर्गणीचे पैसे मग टॅबऐवजी दुसऱ्या कशाला वापरता येतील. पुस्तकाचं पान मोठं करून बोटाने दाखवायचं, त्यावर खुणा करायच्या, दीक्षा ॲपमधलं साहित्य आधी डाउनलोड करून वापरायचं, असं असेल तरच टॅब घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. शहाद्याला किंवा नंदुरबारला आलात की चांगल्या नेटवर सगळ्या इयत्तांची एकदम उतरवून घ्या.

भलत्या अक्षरांचं कारण टॅब नाही. त्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. ज्या संगणकावर त्या नीट दिसतात तिथे उघडून पीडीएफ करून घ्या, मग कुठेही तशाच दिसतील. पुढच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते अशा पद्धतीत) टाइप करा. नवा टॅब घेऊन हा प्रश्न सुटणार नव्हता.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे. नोट्स आणि आकृत्या हाताने काढण्यासाठी आयपॅड घ्यायचा विचार आहे. नवीन येईपर्यंत थांबू का? ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेणं फायद्याचं का?
– विद्यार्थिनी, धुळे

आयपॅडच्या भावाचा इतिहास बघ. दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ४४,९०० रुपयांना आला, त्यात ६४ जीबी होते. मे २०२४ मध्ये तोच ३४,९०० ला मिळू लागला. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा पुढचा आयपॅड त्याच ३४,९०० ला आला, आणि त्यात १२८ जीबी. साध्या आयपॅडच्या बाबतीत बाजारात आल्या आल्या घाई करणाऱ्याला त्या वेळी दहा हजारांचा फटका बसला. त्यामुळे नवीन आलाच, तर पहिल्या महिन्यात घेऊ नकोस. आणि नवीन आला की आधीचा उतरतो, तेव्हा तोच बघ. नोट्ससाठी ए१६ ची ताकद गरजेपेक्षा जास्तच आहे.

पेन्सिलचे पैसे धरायला विसरू नकोस. टाइप-सीवाली ॲपल पेन्सिल ७,९०० रुपयांना आली आणि तिला दाब कळत नाही. जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. नोट्स आणि जीवशास्त्राच्या रेखाकृतींना ते चालतं, छायांकनाला चालत नाही. साध्या आयपॅडची काच आणि खालची स्क्रीन चिकटवलेली नसते, मध्ये बारीक फट असते. त्यामुळे टोक जिथे टेकतं त्याच्या किंचित खाली रेघ उमटते आणि टेकताना टकटक आवाज येतो. दुकानात जाऊन स्वतःची सही आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ पंचवीस वेळा लिहून बघ. सवय होईल असं वाटलं तर ठीक. काही अँड्रॉइड टॅबसोबत दाब कळणारं पेन खोक्यातच मिळतं. तुझ्या कामाला तोही पर्याय खरा आहे आणि एकूण खर्च कमी येतो.

ईएमआयचं गणित : ३०,००० रुपये, १२ हप्ते, १५ टक्के व्याज. क्रेडिट कार्डवरच्या नो कॉस्टमध्ये व्याजाएवढी सूट आधी देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुलाच भरावा लागतो. व्याज २,३०० च्या आसपास, त्यावर कर ४१४ रुपये. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल तर करासह २३५. म्हणजे साडेसहाशे रुपये जादा. ही रक्कम मोठी नाही. पण एकरकमी पैसे देणाऱ्याला वेगळी सूट मिळत असेल तर ती यात हातची जाते. दोन्ही भाव कागदावर लिहून माग.

प्रश्न : धातूच्या पाठीचा टॅब चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येतात, आणि स्क्रीन आपोआप दाबल्यासारखी होते. टॅब खराब निघाला का?
– चाळीसगाव

बहुधा नाही. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी त्याच्या आत एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक प्रवाह धातूच्या पाठीवर येतो आणि अनवाणी पाय फरशीवर असले की जाणवतो. खऱ्या, बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीच्या चार्जरमध्ये तो धोक्याच्या खूप खाली ठेवलेला असतो. नकली चार्जरमध्ये हा भाग निकृष्ट असतो आणि तिथे खरा शॉक बसू शकतो. स्क्रीनवर आपोआप दाब उमटणं हीही बऱ्याचदा त्याचीच खूण. कंपनीचा चार्जर लावून बघा. त्यावर दोन्ही थांबलं तर जुना चार्जर फेकून द्या, कोणाला देऊ नका. कंपनीच्या चार्जरवरही स्क्रीन वेडंवाकडं करत असेल तर वॉरंटीत दाखवा.

प्रश्न : बाजारात एक नवा टॅब आला आहे : १० इंच, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी, ५जी, किंमत ५,५०० रुपये. कंपनीचं नाव ऐकलेलं नाही. एवढ्यात एवढं येतं का?
– शहादा

येत नाही. नुसती १२ जीबी रॅम आणि ५१२ जीबी साठवण यांचीच किंमत त्याच्या पुढे जाते. अशा टॅबमध्ये सेटिंग्जमधले आकडे खोटे भरलेले असतात. आत २ जीबी रॅम आणि १६ किंवा ३२ जीबी साठवण निघते. सुरुवातीला सगळं चालतं. खरी जागा भरली की पुढच्या फाइली ‘सेव्ह’ झालेल्या दिसतात, पण उघडत नाहीत, आणि त्यात घरातल्या लग्नाचे फोटो असले तर ते गेले.

स्वस्त टॅबचा प्रयोग सरकारनेही करून पाहिला होता. ५ ऑक्टोबर २०११ ला ‘आकाश’ टॅब आला : ७ इंच, २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बोटाने जोरात दाबावी लागणारी स्क्रीन. हेतू चांगला होता, पण त्या किमतीत बसलेले भाग कामाला पुरले नाहीत. फरक एवढाच की तिथे भाग कोणते आहेत ते उघड सांगितलं होतं.

नाव न ऐकलेला टॅब समोर आला तर चार तपासण्या करा. प्ले स्टोअर उघडा, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ पाहा. ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असं नसेल तर बँकेची ॲप त्यावर अडू शकतात. टॅबच्या पाठीवर किंवा खोक्यावर ‘आर-’ ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घाला. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं किंवा काहीच आलं नाही तर परत द्या. सिमवाला असेल तर *#०६# दाबून आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) काढा आणि ‘केवायएम’ (इंग्रजी अक्षरांत), एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, ते खोक्याशी जुळलं पाहिजे. साठवण तपासायची तर दोन-तीन जीबीचा एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करत जा आणि शेवटची प्रत पूर्ण चालवून बघा. पाच-सहाशे जीबी भरायची गरज नाही, खोटा टॅब चाळीसच्या आत उघडा पडतो.

पैसे दिले असतील तर पक्कं बिल हातात हवं, त्यावर मॉडेल आणि आयएमईआय किंवा सिरियल नंबर लिहिलेला. दुकानदार ऐकत नसेल तर त्या बिलाच्या आधारे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे मराठीतही बोलता येतं.